दिव्यावरच्या बाईचा आवाज

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी ताई बेटावरून कायमची उतरली. लग्नाला तिला येता आलं नव्हतं. समुद्र खवळलेला होता आणि तिला आणायला जाणारा एकच माणूस, तिचा धाकटा भाऊ, मुलीचा बाप म्हणून लग्नघरात अडकला होता. लग्न उरकलं, पाहुणे पांगले, समुद्र निवला, तेव्हा तो आपली लाँच घेऊन गेला आणि बहिणीला घेऊन आला. तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि एकात एक बसवलेल्या वेताच्या टोपल्या होत्या. इतक्या टोपल्या कशाला आणल्या, असं भावजयीनं विचारलं. ताई म्हणाली, टाकवेनात.

भावाला सगळे लाँचवाला म्हणत. आयुष्यभर त्यानं बंदरातून बेटावर सामान नेलं होतं, पीठ, रॉकेल, औषधं, कधीमधी साहेबलोक. बेटावर दीपगृह होतं. ताईचा नवरा त्या दिव्याचा राखणदार. लग्न झाल्यावर ताई तिथे गेली ती तिथलीच झाली. नवरा वारला तेव्हाही ती उतरली नाही, कारण दिवा लावणं, काच पुसणं, कळा फिरवणं तिला त्याच्याइतकंच येत होतं आणि कचेरीलाही ते सोयीचं होतं. मग दिवा आपोआप लागणारा झाला आणि कचेरीनं तिला घर रिकामं करायला सांगितलं.

धाकटीची खोली मोकळी झालीच होती, ती ताईला मिळाली. शेजारीपाजारी लाँचवाल्यानं सांगितलं, गावाकडून बहीण आली आहे. बेटाचं त्यानं नाव काढलं नाही. बायकोनं त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं. लपवण्याचं कारण तिला ठाऊक होतं.

शहरात एक निसर्ग मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी, मंडळातर्फे भाषण असे. भिंतीवर पांढरा पडदा, त्यावर चित्रं, खाली घडीच्या खुर्च्या. मंडळाच्या चिटणीस एक निवृत्त शिक्षिका होत्या. आवाज खणखणीत, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. ताई अजून बेटावरच होती तेव्हा, एकदा ठरलेले वक्ते तापानं झोपले. चिटणीसबाई धावत बंदरावर आल्या आणि लाँचवाल्याला म्हणाल्या, तुम्ही बेट पाहिलंय, दोन शब्द बोला, नाहीतर लोक खुर्च्या मोडून जातील.

तो दोन शब्द बोलायला गेला आणि पाऊण तास बोलला. बेटावर बिळात राहणारा एक समुद्रपक्षी आहे. त्याचं ओरडणं तान्ह्या पोराच्या रडण्यासारखं, म्हणून बंदरावरचे लोक त्याला रडपाखरू म्हणतात. दिवसभर समुद्रावर, अंधार पडला की बिळाकडे. हवेत राजा, पण जमिनीवर दारू प्यायलेल्या माणसासारखं पोटावर आपटत चालतं. बिळात एकच अंडं. पिल्लू फुगून गोळा झालं की आईबाप निघून जातात आणि ते एकटंच बाहेर येऊन समुद्राकडे झेप घेतं. लाँचवाल्यानं रडपाखरासारखं रडून दाखवलं, चालूनही दाखवलं. लोक खूश झाले. त्या दिवसापासून बेटाचं भाषण त्याचंच झालं.

शाळा तो धड शिकला नव्हता, पण सभेचं नाडीज्ञान त्याला लवकर आलं. कुठे लोक खुर्चीत सरकतात, कुठे घड्याळ बघतात, हे त्याला पडद्याच्या उजेडात दिसे. उंदरांनी अंडी खाऊन बिळं कशी ओस पाडली, हे तो सांगू लागला की लोक सरकत. दुःखाचं बोलणं लोक ऐकतात, पण मन दुसरीकडे पाठवून ऐकतात. आणि भाषण संपल्यावर पत्र्याचा डबा फिरायचा असे, उंदरांचे पिंजरे आणि बेटावरचा पहारेकरी त्या डब्यावर चालत. लोक आधी हसले, मग गप्प झाले, तरच डबा जड होऊन परत येतो, हे चिटणीसबाईंनी त्याला उघड सांगितलं होतं.

एका रविवारी सभा अगदीच मरगळलेली होती. पडद्यावर दिव्याच्या पायरीवर बसलेल्या मांजराचा फोटो आला. वनखात्याच्या कोणीतरी पूर्वी काढलेला. जाडजूड बोका, मिशा फेंदारलेल्या. लाँचवाल्याच्या तोंडून निघून गेलं, या दिव्यावर एक बाई राहायची, तिचा हा बोका, नाव फौजदार. एवढ्यावरच लोक हसले. मग त्यानं ताईचा आवाज काढला.

ताईचं बोलणं वेगळं होतं. बेटावर वारा कधी पडत नाही. वाऱ्यात शब्दाचं शेपूट तुटतं, समोरच्याला अर्धाच शब्द पोचतो. म्हणून तिथली माणसं शब्दाचा शेवट लांबवतात. ताई प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मी काय म्हणतेऽऽ’ अशी करायची, आणि बोलताना डाव्या कानाची पाळी ओढायची, कारण वाऱ्यानं तिचा तो कान सतत ठणके. लाँचवाल्यानं पाळी ओढली आणि म्हटलं, “मी काय म्हणतेऽऽ, शाबाऽऽस रे माझ्या फौजदाराऽऽ!” सकाळी बोका पायरीवर मेलेली रडपाखरं ओळीनं मांडून ठेवी आणि बाई त्याला शाबासकी देई, असं त्यानं सांगितलं. हॉल हसून हसून लोळला. आणि मग पडद्यावर तुटलेल्या पंखांचं चित्र आलं तेव्हा एकदम शांत झाला. डबा त्या दिवशी इतका जड आला की चिटणीसबाईंना तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

ताई बोक्याला शाबास म्हणत असे, हे खरं होतं. पण त्यानं मारलेल्या उंदरासाठी म्हणत असे. बेटावर उंदीर फार झाले, पिठाच्या गोणी कुरतडू लागले, म्हणून बोका कचेरीनंच पाठवला होता, तोही लाँचवाल्याच्याच लाँचमधून. बोक्यानं पहिल्यांदा रडपाखरू आणलं तेव्हा ताईनं त्याला केरसुणीनं बडवलं होतं आणि पाखरू परसात पुरलं होतं. पुढे वनखात्याची माणसं म्हणाली, मांजर राहिलं तर पाखरं राहणार नाहीत. तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं फौजदाराला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि टोपली भावाच्या हातात दिली. नंतर कितीतरी महिने, लाँच धक्क्याला लागली की ती आधी फौजदाराची खबर विचारी, पिठाची नंतर.

हे सगळं लाँचवाल्याला माहीत होतं. टोपल्यांचंही माहीत होतं. पिल्लं उडायच्या दिवसांत ती दिव्याच्या झोताला भुलून काचेवर आपटत आणि अंगणात पडत. सपाट जमिनीवरून त्यांना उडता येत नाही. ताई ती वेचून टोपल्यांत ठेवी आणि उजाडायच्या सुमारास, पिल्लांवर टपलेले कुरव पक्षी जागे व्हायच्या आत, कड्यावर नेऊन सोडी. पण जाहीर बोलण्यात माणसाची एकच बाजू चालते. टोपल्या घातल्या तर बाईवर हसता येत नाही, आणि हसलं नाही तर डबा भरत नाही. म्हणून त्यानं टोपल्या काढून टाकल्या. मग दर वेळी तो थोडं थोडं वाढवत गेला. बाईनं बोक्यासाठी उशी शिवली, बाईनं बोक्याला नवऱ्याचं ताट दिलं. लोक घरी जाऊन तो आवाज काढू लागले. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणे, मी काय म्हणतेऽऽ, खोकल्याचं आहे का काही?

ती बाई आपली सख्खी बहीण आहे, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. तोवर ताई लांब होती, समुद्राच्या पलीकडे. आता ती धाकटीच्या खोलीत होती, आणि भिंती पातळ होत्या.

एके दिवशी वरच्या मजल्यावरची शिंपीण दारात उभी राहून बायकोला म्हणाली, तुमच्या यजमानांची ती मांजरवाली बाई, अगं बाई, माझं तर पोट दुखलं हसून. आत ताई शेंगा सोलत बसली होती. बायकोनं घाईघाईनं दुधाचा विषय काढला. शिंपीण गेल्यावर ताईनं विचारलं, कुठली गं बाई? बायको म्हणाली, भाषणातलं आहे काहीतरी, मला कुठे कळतंय.

त्यानंतर ताईनं धोशाच लावला. भाऊ तिच्या बेटाबद्दल बोलतो, शहर ऐकायला जातं, आणि तिलाच नेत नाही, हे काय म्हणायचं? लाँचवाल्यानं आधी जिन्याचं कारण सांगितलं. ताई म्हणाली, दीपगृहाला काय लिफ्ट होती? मग हॉलमध्ये कोंदट होतं म्हणाला. मग त्या महिन्यात भाषणच नाही म्हणाला, आणि नेमकं त्याच दिवशी चिटणीसबाईंनी घरी माणूस पाठवून वेळ कळवली.

बायकोनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“तुमचं तोंड म्हणजे इंजिन आहे,” ती म्हणाली. “सुरू करता, पण सुकाणू कुणाच्या हातात आहे ते बघत नाही. एक तर तिला आधी सांगा, नाहीतर ते सोंग कायमचं बंद करा.”

तो म्हणाला, या वेळी गाळतो. बायको म्हणाली, या वेळी? आणि भांडी घासायला लागली, गरजेपेक्षा जास्त आवाज करत.

रविवारी ताई ट्रंकेतलं चांगलं लुगडं नेसली आणि नवऱ्याची शाल पांघरून आली. जिना तिनं न थांबता चढला, भावजयच मागे राहिली. दारात चिटणीसबाईंनी हसून कोण म्हणून विचारलं. लाँचवाला म्हणाला, पाहुण्या आहेत. बायकोनं ते ऐकलं. ताईनं ऐकलं नसावं. ती आधीच पांढऱ्या पडद्याकडे बघत होती, दिव्याच्या काचेकडे बघायची तशी, कुठे डाग राहिला का ते शोधत.

भाषण सुरू झालं. त्यानं रडून दाखवलं, चालून दाखवलं. ताई तिसऱ्या रांगेत हसत होती, शेजारणीला हळूच काही सांगत होती. बेटाचा कडा पडद्यावर आला तेव्हा तिनं हात छातीशी नेला. लाँचवाल्याला वाटलं, निभावतंय. पायरीवरच्या बोक्याचं चित्र आलं तसे नेहमीचे लोक आधीच खुसखुसू लागले, मागून कोणीतरी ‘फौजदार, फौजदार’ म्हणालं. त्यानं चित्रं बदलणाऱ्या चिटणीसबाईंना हातानं खूण केली, पुढचं, पुढचं. चित्र आलं आणि गेलं. ताईची मान उंच झालेली त्याला दिसली. हॉलमध्ये नाराजीची एक कुजबुज फिरली. तो तुटलेल्या पंखांवर बोलला, उंदरांवर बोलला, भाषण कसंबसं संपवलं. कपाळाचा घाम पुसला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग प्रश्नांची वेळ आली. पुढे बसलेल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, पिल्लं दिव्यावर आपटून पडतात म्हणता, त्यांचं पुढे काय होतं? लाँचवाल्याला लवकर आवरायचं होतं. बरीचशी मरतात, तो म्हणाला.

तिसऱ्या रांगेत ताई उठून उभी राहिली. बेटावर परवानगी विचारायची तिला सवय नव्हती. तिनं डाव्या कानाची पाळी धरली.

“मी काय म्हणतेऽऽ,” ती म्हणाली, “मरत नाहीत सगळीऽऽ. टोपलीत ठेवलीऽऽ, उजाडता उजाडता कड्यावर नेलीऽऽ—”

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. सगळा हॉल हसत होता. माणसं वाकून, मागे वळून, एकमेकांच्या खांद्यावर हात मारून हसत होती. ज्याची वाट बघितली आणि जे मिळालं नाही, ते आता मागच्या बाजूनं अचानक मिळालं होतं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, वा, लाँचवाल्यांनी या वेळी जोडीला नटीच आणली. शिंपीण तर डोळे पुसत होती. एकानं ओरडून मागणी केली, शाबास म्हणा, बाई, शाबास म्हणा.

ताई उभीच होती. पाळी हातातच होती. आधी तिला वाटलं, आपलं काही सुटलंय की काय. तिनं पदर चाचपला, शाल सारखी केली. मग तिनं लोकांच्या हातांकडे पाहिलं. दोघंतिघं आपापली डावी पाळी ओढत होते. तिनं आपला हात खाली घेतला आणि भावाकडे पाहिलं.

ही माझी ताई आहे, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. माईक त्याच्या तोंडासमोरच होता. त्यानं तो श्वास घेतलाही. आणि त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघून, सभा हातची जाऊ नये म्हणून, त्यानं तो भलत्याच कामी खर्च केला.

“बाई, बसा आपण,” तो म्हणाला. “आभारी आहे. पुढचा प्रश्न?”

ताई बसली. डबा फिरत आला तेव्हा तिनंही त्यात काहीतरी टाकलं आणि तो शेजारणीकडे नीट सरकवला.

घरी येताना तिघं रस्त्याच्या कडेनं एकापाठोपाठ चालले. दिव्याच्या खांबापाशी ताई थांबली. तिनं खालच्या आवाजात, एकही शब्द न लांबवता विचारलं, तो फौजदार होता ना, फोटोतला? हो, तो म्हणाला. ताई म्हणाली, लवकर काढलास. नीट बघायचा राहिला.

घरी पोचल्यावर ती शालीची घडी करून आपल्या खोलीत गेली. बायकोनं नवऱ्याला जेवायला वाढलं आणि पाठ फिरवून बसली. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून ताईचं बोलणं बदललं. घरात ती पुटपुटल्यासारखं बोले. बाहेर बोलेचना. दुकानात ती बोटानं वस्तू दाखवी, दुकानदार विचारी, हे? ती मान हलवी. औषधवाल्याला ती मुकी वाटली, त्यानं लाँचवाल्याला तसं सहानुभूतीनं विचारलंही. हो हो म्हणून तो बाहेर पडला आणि कोपऱ्यावर उभा राहिला. बोलताना ताईचा डावा हात वर जायला लागला की ती तो उजव्या हातानं धरून ठेवी, खोडकर पोराला धरावं तसा. लाँचवाल्याला ते बघवत नसे, आणि तो बघतोय हे तिला कळू नये म्हणून तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरी. अक्षरं त्याला अजून बोट ठेवून वाचावी लागत. त्या दिवसांत त्यानं बोट ठेवलं तिथेच ते राही.

सोंग त्यानं बंद केलं. चिटणीसबाईंना कारण सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, कंटाळा आला. त्या म्हणाल्या, तुम्हाला आला, लोकांना कुठे आलाय? डबा हलका येऊ लागला. आणि सोंग बंद झालं असं तरी कसं म्हणावं? ते शहरात फिरतच होतं. बंदरावर दोन हमाल एकमेकांना शाबाऽऽस म्हणत होते. त्यांना हे कुठून आलं तेही ठाऊक नसावं.

पिल्लं उडायचे दिवस आले. बेटावरचा नवा दिवा जुन्यापेक्षा लख्ख होता, पिल्लं जास्तच पडू लागली. मंडळाची काही मुलंमुली ती वेचायला जाणार होती. लाँचवाल्यानं ताईला विचारलं, येतेस? ती उठली आणि पलंगाखालून टोपल्या काढल्या. विचार करायला तिनं वेळच घेतला नाही.

लाँचमध्ये ती मागे बसली, तोंडावर शाल घेऊन. मुलं तिला आजी म्हणत होती, ती मान हलवत होती. रात्री मुलांनी पिल्लं वेचली आणि उजाडण्याच्या सुमारास निम्मी पिल्लं घेऊन मुलं पलीकडच्या उतारावर गेली. अलीकडच्या कड्यावर ताई आणि भाऊ दोघंच उरले. तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत राखाडी गोळे चोची वर करून बसले होते. एकेक उचलून ती वाऱ्याकडे तोंड करून तळहातावर धरी आणि वाट बघे. पिल्लू पंख उघडी, मिटी, पुन्हा उघडी.

“मी काय म्हणतेऽऽ,” तिनं पिल्लाला सांगितलं, “खाली बघू नकोऽऽ. समोर बघऽऽ.”

किती दिवसांनी त्यानं तो आवाज ऐकला. त्या वाऱ्यात तो मुळीच हसण्यासारखा नव्हता. त्या वाऱ्यात तोच एक नीट ऐकू येत होता. पिल्लू गेलं. त्याला वाटलं, आत्ता बोलावं. तो म्हणाला, “ताई, त्या दिवशी लोक हसले—”

“हसू देत,” ती म्हणाली. तिनं पुढचं पिल्लू उचललं. “शाबास मी उंदरासाठी म्हणायची. तेही जाऊ दे. सोंगात थोडं इकडचं तिकडे होतंच, लहानपणी तू बाबांचंही काढायचास. मी किती हसायची.” ती थांबली. पिल्लानं पंख उघडले. “पण तू मला बाई म्हणालास.”

 टोपली रिकामी होईपर्यंत तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि पिल्लं तिच्या हातात देत राहिला. सगळी गेल्यावर तिनं टोपली उलटी करून आपटली, आतली पिसं उडवून दिली आणि म्हणाली, चल, पोरं खोळंबली असतील.

पुढच्या रविवारी त्यानं ताईला हॉलमध्ये बोलावलं. ती म्हणाली, नको. त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली आणि शेंगा सोलू लागली. तो एकटाच गेला. बायको पाठोपाठ आली आणि शेवटच्या रांगेत बसली.

बोक्याचं चित्र आलं. या वेळी त्यानं ते पडद्यावर राहू दिलं. हॉल हसायच्या तयारीनं पुढे सरकला. त्यानं सरळ आपल्या आवाजात सांगितलं की हा बोका कचेरीनं पाठवला होता, दिव्यावरच्या बाईनं तो स्वतः टोपलीत घालून परत दिला, पिल्लं वेचून कड्यावरून सोडली, आणि इथे इतके दिवस जे सांगितलं ते खोटं होतं. लोक गालात हसत ऐकत होते. ही पुढच्या विनोदाची तयारी आहे, असं त्यांना वाटत होतं. तो म्हणाला, “ती माझी सख्खी थोरली बहीण आहे.”

हॉल फुटला. असं हसू त्या हॉलनं पूर्वी ऐकलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी मांडीवर थाप मारली. “अहो, खरंच बहीण आहे,” तो म्हणाला, तसे आणखी हसले. मागून कोणी ओरडलं, “मग बोका तुमचा भाचा!” तो हात वर करून उभा राहिला, थांबा म्हणत, आणि त्याचा तो वर गेलेला हातसुद्धा त्यांना गमतीचाच भाग वाटला. त्यानंच त्यांना शिकवलं होतं कुठे हसायचं ते. फार चांगलं शिकवलं होतं.

हसत नव्हत्या दोघीच. शेवटच्या रांगेत त्याची बायको, आणि दारापाशी डबा घेऊन उभ्या असलेल्या चिटणीसबाई. हॉल रिकामा झाल्यावर त्या जवळ आल्या. खरंच का, त्यांनी विचारलं. खरंच, तो म्हणाला. त्या दिवशी उठल्या होत्या त्या? हो. चिटणीसबाईंनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. तो कधी नव्हे इतका भरलेला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि किल्ल्यांचा जुडगा शोधू लागल्या. जुडगा त्यांच्या हातातच होता.

घरी ताई जागीच होती, एका टोपलीचा सुटलेला वेत विणत बसली होती. बायको आत गेली. काय सांगितलंस आज, ताईनं खालच्या आवाजात विचारलं. त्यानं सांगितलं, फौजदाराचं खरं सांगितलं, टोपल्यांचं सांगितलं, आणि तू माझी कोण ते सांगितलं.

“मग?”

“हसले.”

ताईनं वेताचं टोक खोचलं, ओढून घट्ट बसवलं. खिडकी उघडी होती, वरच्या मजल्यावर शिंपिणीचं मशीन चालू होतं. ताईनं डावा हात कानाला नेला. या वेळी उजव्या हातानं तो धरला नाही.

“मी काय म्हणतेऽऽ,” ती मोठ्यानं म्हणाली, “हसणारचऽऽ.”

वरचं मशीन थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

त्यानंतर ती घरात पहिल्यासारखी बोलू लागली. दुकानात मात्र शेवटपर्यंत बोटच दाखवत राहिली. लाँचवाल्यानं भाषणं सोडली नाहीत, कारण पिंजऱ्यांना आणि पहारेकऱ्याला डबा लागतोच. पण बोक्याचं चित्र त्यानं मंडळाकडून मागून घेतलं आणि ताईच्या खोलीत, पलंगावरून दिसेल असं लावलं.

धाकटीला मुलगी झाली त्या वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आधी, पिल्लं उडायच्या दिवसांत, एका बुधवारी सकाळी लाँचवाल्याची थोरली बहीण वारली.